तीन पानांसाठी तीन मजले

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा संगणकशास्त्राचे काही शोधायला गेले, तेव्हा माझी भाबडी समजूत अशी होती की कुठेतरी ‘संगणक’ अशी पाटी लावलेले एक दालन असेल आणि त्यात आमच्या अभ्यासक्रमाच्याच क्रमाने पुस्तके मांडून ठेवलेली असतील. मला हवी होती ती अवघी तीन पाने. आलेखातल्या, म्हणजे रेषांनी जोडलेल्या बिंदूंच्या जाळ्यातल्या, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचा सर्वांत कमी लांबीचा मार्ग काढण्याची एड्सगर डाइक्स्ट्रा यांची रीत वर्गात शिकवून झाली होती, परीक्षेपुरती पाठही झाली होती, आणि ज्यांनी ती शोधली त्यांनी स्वतः ती कोणत्या शब्दांत सांगितली होती हे एकदा पाहावे, एवढीच इच्छा होती. ती पाने हातात पडेपर्यंत मी तीन मजले आणि तीन दुपारी खर्ची घातल्या. त्या दुपारी वाया गेल्या असे मात्र आज म्हणवत नाही, कारण ग्रंथालयात आपल्या विषयाचे साहित्य कुठे कुठे विखुरलेले असते आणि ते तसे का विखुरलेले असते, हे मला त्या शोधातच कळले.

पहिली दुपार पहिल्या मजल्यावर गेली. संगणकाची पुस्तके विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या कपाटांत असतील असे धरून मी थेट आत शिरले होते, पण ती निघाली प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या रांगेत, ज्ञानकोश, वृत्तपत्रविद्या आणि खुद्द ग्रंथालयशास्त्र यांच्या शेजारी. हे विचित्र शेजारपण समजायचे असेल तर मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणापासून सुरुवात करावी लागते. ड्यूई यांनी १८७६ साली साऱ्या ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडले आणि ० ते ९ हे दहाही अंक तेव्हाच वाटून टाकले. संगणक अवतरला तेव्हा या घरात एकही खोली रिकामी नव्हती. मग त्याचा यांत्रिक भाग ६२१.३८१९ या अंकाखाली विद्युत अभियांत्रिकीत गेला, आणि प्रोग्रॅमिंग, माहितीवरील प्रक्रिया वगैरे मंडळी ००१.६४ या अंकाखाली, ज्ञानाविषयीच्या सामान्य वर्गात, कशीबशी सामावली गेली. विषय फुगत गेला तसे अंकांमागे अंक लागत गेले. शेवटी १९८५ साली या विषयापुरती स्वतंत्र सुधारणा काढून ००४, ००५ आणि ००६ असे तीन अंक त्याला देण्यात आले आणि १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत ते कायम झाले. जो विषय आज निम्म्या विद्यापीठाला पुरून उरला आहे, त्याला राहायला मिळालेली जागा म्हणजे दहा वर्गांपैकी पहिल्या वर्गातला एक कोपरा.

या इतिहासाचा उपयोग काय, असे कोणी विचारील, तर उत्तर अगदी व्यवहारातले आहे. वर्गीकरण बदलले म्हणून प्रत्येक ग्रंथालय आपली जुनी पुस्तके उतरवून, त्यांच्या कण्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून नव्या चिठ्ठ्या चिकटवत बसतेच असे नाही; तेवढे मनुष्यबळ असते कुठे? त्यामुळे १९९० च्या आधी आलेली पुस्तके कित्येकदा ००१.६४ मध्येच राहतात आणि त्याच विषयावरची नंतरची पुस्तके ००५ मध्ये जातात. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकाची पहिली आवृत्ती एका कपाटात आणि तिसरी आवृत्ती चार कपाटे पलीकडे, असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. जाता जाता सांगायचे तर ००१ याच वर्गात ००१.९४२ हा अंक उडत्या तबकड्यांचा आहे आणि ००१.९४४ हा दंतकथांतल्या अक्राळविक्राळ प्राण्यांचा. प्रोग्रॅमिंगची जुनी पुस्तके शोधताना हात चुकून दोन पुस्तके पुढे पडला, तर परग्रहवासी हाती लागतात.

त्या दुपारी मी आणखी एक घोटाळा केला, आणि तो संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने करावा याची मला अजून लाज वाटते. कार्यप्रणालीचे म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे एक पुस्तक ००५.४३ या अंकावर असल्याचे पडद्यावर दिसत होते. कपाटात मला प्रथम ००५.१३३ लागले. त्रेचाळीस हे एकशे तेहतिसाच्या आधी यायला हवे, म्हणून मी मागे मागे सरकत गेले आणि पुस्तक जागेवर नाही असे ठरवून मोकळी झाले. दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्या म्हणून वाचायचे नसतात, डावीकडून एकेक अंक ताडत जायचे असते. १ हा ४ च्या आधी, म्हणून ००५.१३३ आधी आणि ००५.४३ नंतर. संगणकावर फाइलींची नावे लावताना ‘१०’ हे नाव ‘२’ च्या आधी का येते, हे मला दुसऱ्याला समजावून सांगता येत होते. तीच गोष्ट लाकडी फळीवर समोर आली तेव्हा ओळखता आली नाही. कण्यावरच्या चिठ्ठीत वर्गांकाच्या खाली सहसा लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे असतात, आणि वर्गांक तोच असला की क्रम त्या अक्षरांनी ठरतो. या दोन ओळी मिळून झालेला बोधांक जसाच्या तसा, दशांश चिन्हासकट, कागदावर उतरवून घ्यावा. ‘लक्षात राहील’ असे म्हणणारे सगळे जण काउंटरवर परत येतात, हे मी पुढे कितीतरी वेळा पाहिले.

सरावाने काही अंक तोंडात बसले. संगणकाची रचना आणि जाळी म्हणजे नेटवर्क ००४ मध्ये, त्यातली जाळी ००४.६ पासून पुढे. प्रोग्रॅमिंग ००५.१ मध्ये, विशिष्ट भाषा ००५.१३३ मध्ये, माहितीसाठ्यांची म्हणजे डेटाबेसची पुस्तके ००५.७४ मध्ये आणि संगणक सुरक्षेची ००५.८ मध्ये. कृत्रिम बुद्धिमत्ता ००६.३ मध्ये, तिच्यातलेच मशीन लर्निंग ००६.३१ मध्ये आणि चित्रांकन म्हणजे ग्राफिक्स ००६.६ मध्ये. एवढे अंक ठाऊक असले की निम्म्या वेळा यादी न पाहताही कपाटासमोर जाऊन उभे राहता येते, आणि मला तर तसेच जायला आवडते, कारण आपण शोधत नव्हतो ते पुस्तक यादीत कधी दिसत नाही, फळीवर मात्र शेजारीच उभे असते.

तरीही या तीन अंकांत सगळा विषय मावत नाही. गणनयंत्राचा सिद्धांत, औपचारिक भाषा आणि गणनाची काठिण्यपातळी यांची पुस्तके ५११.३ मध्ये, गणितीय तर्कशास्त्राबरोबर असतात. आलेख सिद्धांत ५११.५ मध्ये असतो. संख्यात्मक विश्लेषणाची नवी पुस्तके ५१८ मध्ये आणि जुनी ५१९.४ मध्ये सापडतात. हार्डवेअरचे अभियांत्रिकी अंग आज ६२१.३९ मध्ये आहे, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. सगळ्यांत मासलेवाईक गोष्ट सांकेतिक लेखनाची, म्हणजे क्रिप्टोग्राफीची. संगणकातली माहिती सांकेतिक करण्याविषयीची पुस्तके ००५.८२ मध्ये मिळतात, पण या विद्येचे जुने घर ६५२.८ हे आहे, आणि ६५२ मध्येच टंकलेखनही आहे, तर ६५३ मध्ये लघुलेखन. ज्या काळात सांकेतिक लिपी म्हणजे कारकुनाच्या किंवा वकिलातीतल्या लेखनिकाच्या हातचे कसब होते, त्या काळाने तिला दिलेली ही जागा. आजचा विद्यार्थी अंकसिद्धांताची समीकरणे घेऊन तिथे जातो आणि त्याला शेजारी टायपिंग शिकवणारी पुस्तके दिसतात.

सर्वच विद्यापीठे ड्यूई पद्धत वापरत नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात संगणकशास्त्राचा मोठा भाग गणिताच्या क्यूए या वर्गात, ७६ या अंकाखाली येतो. भाषांना क्यूए ७६.७३ आणि पुढे त्या भाषेच्या नावाचे अक्षर व अंक, असे हे चालते. जाळी मात्र तिथेही टीके ५१०५ मध्ये, विद्युत अभियांत्रिकीच्या पंखाखाली आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता क्यू ३३५ मध्ये, सामान्य विज्ञानात. पद्धत बदलली तरी विखुरलेपण सुटत नाही, फक्त तुकडे वेगळे पडतात. मला स्वतःला ही दुसरी पद्धत अधिक समंजस वाटते, कारण तिने निदान या विषयाचे गणिताशी असलेले रक्ताचे नाते मान्य केले आहे.

आता यादीविषयी. ग्रंथालयाच्या संगणकीय यादीला, म्हणजे ओपॅकला, आपण इंटरनेटवरच्या शोधयंत्रासारखे वागवतो आणि फसतो. ती पुस्तकाच्या आतला मजकूर वाचत नाही. तालिकाकाराने, म्हणजे यादीत पुस्तकाची नोंद करणाऱ्याने, नोंदवलेले नाव, लेखक, प्रकाशक, विषयशीर्षक एवढेच तिला ठाऊक असते. ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेचे पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा शोधले तेव्हा मी ते एक अक्षर टाइप केले आणि यादीने मला जगातले सगळे लेखक दाखवले, ज्यांच्या नावात कुठेतरी ते आद्याक्षर होते. ‘सी प्लस प्लस’ या भाषेसाठी त्याच्यापुढे दोन अधिक चिन्हे जोडून पाहिली, तर यादीने ती चिन्हे मुकाट्याने गाळून टाकली आणि पुन्हा तीच मंडळी हजर केली. यावर उपाय म्हणजे विषयशीर्षकाने शोधणे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ठरवलेली विषयशीर्षके बरीच ग्रंथालये वापरतात आणि त्यांत भाषेच्या नावापुढे कंसात ‘संगणकीय भाषा’ अशा अर्थाची खूण इंग्रजीत जोडलेली असते, म्हणून पायथन शोधताना अजगर आणि जावा शोधताना बेट मध्ये येत नाही. ही शीर्षके थोडी सनातनी असतात, हे खरे. आपण ज्याला नुसता कॉम्प्युटर म्हणतो त्याच्यासाठी तिथे ‘इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटर्स’ असे भारदस्त शीर्षकही आहे.

म्हणून मी एक युक्ती करते. शोधत असलेल्या विषयाचे एक तरी चांगले पुस्तक कोणत्याही मार्गाने यादीत गाठायचे, त्याची पूर्ण नोंद उघडायची, तिथे तालिकाकाराने कोणती विषयशीर्षके दिली आहेत ते पाहायचे आणि त्यांच्यावरच टिचकी मारायची. आपल्या शब्दांतून त्यांच्या शब्दांत शिरण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. जुनी पुस्तके आयएसबीएनवरून शोधत असाल तर हेही ध्यानात ठेवावे की २००७ पासून तो क्रमांक तेरा अंकी झाला आहे. त्याआधीच्या पुस्तकावर सहसा दहा अंकीच छापलेला असतो, आणि दोन्हींची सांगड प्रत्येक यादी घालतेच असे नाही.

पुस्तक हातात आल्यावर मी आधी मुखपृष्ठाच्या आतल्या पानामागची छपाईची माहिती पाहते. संगणकशास्त्रात साल हे पुस्तकाचे वय असते, पण सगळ्या पुस्तकांचे वय सारख्या गतीने वाढत नाही. एखाद्या आज्ञावलीची विशिष्ट आवृत्ती शिकवणारे पुस्तक पाच वर्षांत शिळे होते. ऑटोमाटा म्हणजे कल्पित गणनयंत्रांच्या सिद्धांताचे किंवा अल्गोरिदमच्या म्हणजे गणनरीतींच्या विश्लेषणाचे चाळीस वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही खुशाल वाचावे, कारण तिथल्या सिद्धता बदललेल्या नाहीत. ग्रंथालयांना हा फरक नेहमी कळतो असे नाही. एकदा मी घरी नेलेल्या एका जाडजूड पुस्तकाच्या मागच्या आवरणाला आतून प्लॅस्टिकचा खिसा चिकटवलेला होता आणि त्यावर शिक्का होता, ‘सीडी काउंटरवर मागावी’. मी मागितली. काउंटरवरच्या गृहस्थांनी खालचा खण उघडून रबरबँड लावलेला सीड्यांचा एक गठ्ठा काढला, दाखल क्रमांक जुळवून माझी सीडी शोधून दिली आणि मग सौम्यपणे विचारले, “लावणार कशावर?” माझ्याकडे ती वाचणारे यंत्र नव्हते, ग्रंथालयातल्या संगणकांनाही नव्हते. पुस्तकातली निम्मी उदाहरणे त्या सीडीवर होती.

एवढे सगळे शिकून झाले तरी डाइक्स्ट्रा यांची तीन पाने मिळाली नव्हती. दुसऱ्या दुपारी मी अल्गोरिदमच्या पुस्तकांची ००५.१ ची सगळी फळी चाळली, आलेख सिद्धांताच्या ५११.५ पर्यंत जाऊन आले, दुसऱ्या मजल्यावर अभियांत्रिकीतही डोकावले. रीत सगळीकडे होती, तिचे स्पष्टीकरण होते, आकृत्या होत्या, मूळ लेख नव्हता. शेवटी संदर्भ विभागात गेले. तिथल्या बाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले. “तुम्हांला पुस्तक हवंय, नियतकालिकातला लेख हवाय, की परिषदेतला निबंध?” मला त्यांतला फरक नीट सांगता येईना. “बरं, साल कोणतं?” साल मला ठाऊक होते, १९५९. “मग तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय. त्या साली तुमचा विषय होताच कुठे?”

या वाक्यातले तथ्य पचायला मला थोडा वेळ लागला. संगणकशास्त्रातले मूळ लेखन जिथे प्रसिद्ध झाले ती जागा, ते ज्या साली लिहिले गेले त्यावर ठरते; हा विषय स्वतःचे घर बांधीपर्यंत दुसऱ्यांच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. गणन म्हणजे काय याचा पाया घालणारा ॲलन ट्युरिंग यांचा १९३६ चा लेख लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात आहे, म्हणजे गणिताच्या नियतकालिकांत. माहिती सिद्धांताची सुरुवात करणारा क्लॉड शॅनन यांचा १९४८ चा लेख ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’ या, एका दूरध्वनी कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात आहे, म्हणजे अभियांत्रिकीच्या मजल्यावर. असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी, म्हणजे एसीएम, ही संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि तिचे ‘कम्युनिकेशन्स’ हे मासिक १९५८ साली निघाले. तेव्हा कुठे या विषयाला स्वतःचा उंबरठा मिळाला. एडगर कॉड यांचा संबंधाधिष्ठित, म्हणजे तक्त्यांच्या रूपातल्या, डेटाबेसचा १९७० चा लेख त्याच मासिकात आहे. आणि स्टीफन कुक यांचा १९७१ चा, एनपी-पूर्णतेची, म्हणजे गणनाला अतिशय अवघड मानल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या एका गटाची, कल्पना मांडणारा लेख मासिकात नाहीच, तो एका परिषदेच्या निबंधसंग्रहात आहे.

हा शेवटचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे आणि इतर विज्ञानांतून आलेली माणसे इथेच अडखळतात. भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात परिषदेत वाचलेल्या निबंधाला दुय्यम समजतात, खरे वजन नियतकालिकातल्या लेखाला असते. संगणकशास्त्रात पुष्कळदा याच्या उलट असते. पहिल्या प्रतीचे संशोधन चाळणी लावून निवडलेल्या परिषदांतच आधी येते, आणि नियतकालिकातला विस्तारित लेख कधी दोन-तीन वर्षांनी येतो, कधी येतच नाही. त्यामुळे केवळ नियतकालिकांचा विभाग धुंडाळणाऱ्याला निम्मा विषय दिसतच नाही. छापील निबंधसंग्रहांची गोम अशी की काही ग्रंथालये त्यांना पुस्तके मानतात, काही मालिका मानतात. ‘लेक्चर नोट्स इन कॉम्प्युटर सायन्स’ ही १९७३ पासून चालू असलेली मालिका घ्या. तिचे दहा हजारांहून अधिक खंड निघाले आहेत. एखादे ग्रंथालय हाताशी असलेले खंड क्रमांकाने एका रांगेत लावते, तर दुसरे ग्रंथालय प्रत्येक खंड त्याच्या विषयानुसार वेगवेगळ्या वर्गांकावर पाठवते. परिषदेचे नाव, मालिकेचे नाव आणि खंडाच्या संपादकाचे नाव, या तिन्हींनी शोधून पाहिल्याशिवाय ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर मी तरी मान्य करत नाही. निबंधाच्या लेखकाचे नाव यादीत घालण्यात तर काहीच अर्थ नसतो, कारण यादीला संग्रह ठाऊक असतो, आतले निबंध नव्हेत.

लेखकाच्या नावाने शोधायचे असेल तर डीबीएलपी उघडावे. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली ही ग्रंथसूची आधी डेटाबेस आणि तार्किक प्रोग्रॅमिंग या दोनच शाखांपुरती होती, आता जवळपास सगळ्या संगणकशास्त्राला पुरते, आणि ती विनामूल्य आहे. तिच्यात लेखांचा मजकूर नाही. कोणी, कोणत्या साली, कोणत्या परिषदेत किंवा नियतकालिकात, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत लिहिले, एवढेच आहे. पण ग्रंथालयात जाण्याआधी नेमके हेच हवे असते. एखाद्या विषयात अगदीच नवखे असाल तर थेट शोधनिबंधांत उडी न घेता एसीएमचे ‘कॉम्प्युटिंग सर्व्हेज’ पाहावे; १९६९ पासून निघणाऱ्या या नियतकालिकात एकेका विषयाचा आढावा घेणारे लांबलचक लेख असतात आणि त्यांच्या शेवटच्या संदर्भयाद्या म्हणजे आयतीच खरेदीची यादी. त्या यादीतून मागे मागे जात जुने लेख गाठता येतात, आणि उद्धरणांची नोंद ठेवणाऱ्या गूगल स्कॉलर, स्कोपससारख्या ठिकाणांवरून पुढे पुढे येत नवे.

मजकूर मिळवण्याची वाट मात्र बहुधा विद्यापीठाच्या जाळ्यातूनच जाते. घरून उघडला की पैसे मागणारा लेख ग्रंथालयातल्या संगणकावर निमूटपणे उघडतो, याचे मला सुरुवातीला फार नवल वाटे. त्यात जादू नाही. विद्यापीठाने वर्गणी भरलेली असते आणि प्रकाशकाच्या सर्व्हरकडे विद्यापीठाच्या आयपी पत्त्यांची यादी असते. विनंती त्या पत्त्यांवरून आली की दार उघडते. घरी बसून तेच दार उघडायचे असेल तर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून, आपले खाते वापरून, त्यांच्या मध्यस्थ सर्व्हरमार्गे जावे लागते, आणि शोधयंत्रातून परभारे प्रकाशकाच्या पानावर पोहोचलेल्याला हे ठाऊक नसते म्हणून तो खिशात हात घालतो. आयट्रिपलई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे एक्सप्लोर हे भांडार असेच वर्गणीवर चालते. शॅनन यांचा लेख ज्यात आला त्या ‘बेल’ नियतकालिकाचे जुने अंकही आता तिथे आहेत. एसीएमने २०२२ साली, आपल्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, १९५१ ते २००० या काळातले आपले सगळे लेख सर्वांना खुले केले, त्यामुळे कॉड आणि कुक यांच्यासाठी आता ग्रंथालयाच्या पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. अलीकडच्या लेखांची पूर्वप्रत, म्हणजे प्रसिद्धीआधीची प्रत, अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर पाहावी, तिथे संगणकशास्त्राचा विभाग १९९८ पासून आहे. मात्र त्या प्रती तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेल्या असतीलच असे नाही आणि एकाच लेखाच्या तीन-चार आवृत्त्या तिथे असू शकतात, म्हणून उद्धृत करण्याआधी परिषदेत छापलेली आवृत्ती पडताळून घ्यावी. मी एकदा पूर्वप्रतीतल्या प्रमेयाचा आधार घेऊन आठवडाभर काम केले, आणि छापील आवृत्तीत त्या प्रमेयाला एक अट वाढवलेली निघाली.

इंटरनेटच्या प्रमाणसंकेतांचे दस्तऐवज, ज्यांना आरएफसी म्हणतात, ते एप्रिल १९६९ च्या पहिल्या क्रमांकापासून खुलेच आहेत, त्यांच्यासाठी कोणाकडे जायला नको. अपूर्णांकांच्या गणिताचे आयट्रिपलई ७५४ हे मानक मात्र विकत घ्यावे लागते. १९८५, २००८ आणि २०१९ अशा त्याच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि ग्रंथालयाची मानकांची वर्गणी आहे का हे विचारल्यावाचून कोणी आपण होऊन सांगत नाही.

तिसऱ्या दुपारी बाईंनी मला एका चिठ्ठीवर लिहून दिले: ‘न्युमेरिशे माथेमाटिक’, खंड १, १९५९, पृष्ठे २६९ ते २७१. जर्मन नावाचे, संख्यात्मक गणिताचे नियतकालिक. ते त्यांच्या मते छापील स्वरूपात आमच्याकडे असायला हवे होते आणि नसलेच तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरून दुसऱ्या विद्यापीठाकडून त्या पानांची प्रत मागवता आली असती, असेही त्यांनी सांगितले. तिसऱ्या मजल्यावर बांधीव खंडांच्या लोखंडी कपाटांत, गणिताच्या रांगेच्या अगदी टोकाला, खालून दुसऱ्या खणात तो होता. जाड कापडी बांधणी होती, कण्यावरची सोनेरी अक्षरे निम्मी उडालेली होती. पाने पिवळी पडली होती, पण कडा शाबूत होत्या; तो खंड फारसा कोणी उघडलेला दिसत नव्हता.

नाव जर्मन असले तरी लेख इंग्रजीत होता. मला वाटत होते तसा तो एका प्रश्नाचा नव्हता, दोन प्रश्नांचा होता: पहिला, सगळे बिंदू जोडणारे सर्वांत कमी लांबीचे झाड, म्हणजे कुठेही फेरा न होणारी जोडणी, काढण्याचा, आणि दुसरा आपला, मार्गाचा. वर्गात ज्याला आम्ही दोन तास दिले होते ती रीत तिथे बिंदूंचे तीन गट पाडून, एखादे बी पेरून त्यावर माती सारावी तितक्या थोडक्यात सांगून संपवली होती. पुढच्या पिढ्यांनी तिच्याबरोबर शिकवायला घेतलेली माहितीची रचना, तिचा वेग मोजण्याची आजची चिन्हे, यांतले तिथे काही नव्हते. मी उभ्या उभ्याच दोनदा वाचला, मग प्रत काढून आणली.

खंड परत त्याच खणात सारणार तेवढ्यात कपाटाच्या बाजूला चिकटवलेली सूचना दिसली, वाचून झालेले ग्रंथ वाचकांनी स्वतः फळीवर ठेवू नयेत. नंतर बाईंना कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. आणि टेबलावर राहिलेल्या पुस्तकांची आम्ही रोज नोंद करतो. कुणी वाचत नाही असं दिसलं, की जुने खंड गोदामात जातात.” त्यानंतर वर्षभरात त्या रांगेतले आणखी पाच-सहा खंड मी काढले, त्यांतले दोन तर केवळ पाने चाळण्यासाठी, आणि प्रत्येक वेळी टेबलावर उघडे ठेवून आले.